एन. डी. सर, 17 जानेवारी आणि आमच्या गावची सातवीपर्यंतची शाळा

रताळेवाला (धागाकर्ता)

1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची सायकल फेरी झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेत एसडीएमसीची मीटिंग झाली. तिकडच्या लोकांसाठी सांगतो, एसडीएमसी म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या सरकारी शाळेची पालकांची समिती. माझी थोरली सहावीत आहे म्हणून मी सदस्य. हेडमास्तरांनी पट वाचला. पहिली ते सातवी मिळून 38. पहिलीत तीन. मी ह्याच शाळेत शिकलो तेव्हा चौथीच्या एका वर्गातच एवढी पोरं होती, आणि पावसाळ्यात कौलं गळायला लागली की आम्ही बाकांसकट कोरड्या कोपऱ्यात सरकायचो.

मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, आता कुणाकडं जायचं? आपला आमदारच नाही. 2013 ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोघं निवडून आले होते, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. 2018 ला एकही नाही, 2023 लाही नाही. हलग्याच्या सुवर्ण विधान सौधमध्ये डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. आमच्या गावातनं मोटारसायकलनं अर्ध्या-पाऊण तासाची वाट. आणि आमच्या शाळेचा प्रश्न तिथं मांडायला माणूस नाही.

घरी येताना एन. डी. पाटील सरांची आठवण झाली. 17 जानेवारीला आपण हुतात्मा चौकात जमतो, सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांसाठी. 2022 साली त्याच तारखेला कोल्हापुरात सर गेले. सीमाभागासाठी आयुष्यभर भांडलेला माणूस जायला हाच दिवस मिळावा, हे मला अजून चमत्कारिक वाटतं. आपल्याकडं सर म्हटलं की सीमाप्रश्न. सुप्रीम कोर्टातल्या दाव्यासाठीच्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष, एकीकरण समितीच्या महामेळाव्यातलं भाषण, आकड्यांवर आकडे, आणि पुढं बसलेली म्हातारी माणसंसुद्धा न उठता ऐकताहेत. पण ह्या माणसाचा मूळ विषय शाळा होता, हे आपण कधी बोलत नाही.

जन्म 15 जुलै 1929, वाळवा तालुक्यातलं ढवळी, शेतकऱ्याचं घर. अर्थशास्त्रात एम. ए. करून 1954 ते 57 साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका'चे प्रमुख. म्हणजे सकाळी कुदळ आणि दुपारी पुस्तक अशा पोरांचे रेक्टर. मग मुंबईत गिरणी कामगार युनियन, मग इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. 1960 ते 66, 1970 ते 76 आणि पुन्हा 76 ते 82, अशी 18 वर्षं विधान परिषदेत. 1978 ते 80 सहकारमंत्री. 1985 ते 90 कोल्हापूरचे आमदार. पक्ष शेवटपर्यंत एकच, शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. ह्या सगळ्यात 1959 पासून रयत शिक्षण संस्थेच्या कारभारात, आणि 1990 ते 2008 संस्थेचे चेअरमन. आमदारकी संपली तिथं त्यांचं शिक्षणाचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं. एरवी आमदारकी गेली की माणसं साखर कारखान्यात नाहीतर देवस्थानाच्या ट्रस्टवर दिसतात.

त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की शिकवणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती बाजारात विकायची वस्तू नाही. सरकारनं हात काढून घेतला की पहिल्यांदा गरिबाचं पोर बाहेर पडतं, त्यातही आधी पोरगी.

मला विचारायचंय ते एवढंच. सीमाप्रश्न आणि शाळा ह्या सरांच्या डोक्यात वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आपण त्यातली एकच उचलली का? पाटीवरच्या अक्षरांसाठी भांडलो, ते बरोबरच केलं. पण पाटीमागच्या वर्गात किती पोरं आहेत हे मोजायचं राहिलं का?

---

कुंदा_अर्धा_किलो

17 जानेवारीचं खरंच लक्षात नव्हतं. दरवर्षी चौकात जातो, पण ह्या दोन गोष्टी कधी जोडल्या नाहीत. लिहीत राहा.

---

अरगन_तलाव

भावना पोचल्या. पण जरा रोखठोक बोलतो. सर महाराष्ट्राचे आमदार होते. तुमचा बीईओ, म्हणजे तालुक्याचा शिक्षणाधिकारी, कर्नाटकाचा, त्याच्या वरचा जिल्ह्याचा डीडीपीआय कर्नाटकाचा, शिक्षकाचा पगार बेंगळूरहून. मुंबईच्या सभागृहात 18 वर्षं कुणी शिक्षणावर बोललं तर येळ्ळूर-कडोलीच्या पोराला त्यातनं काय मिळालं? सीमाभागात आपल्याला आठवणी काढायची फार हौस. 1946 च्या साहित्य संमेलनात बेळगावात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे आपण अजून सांगतो. त्याला किती वर्षं झाली?

---

रताळेवाला

अरगन, प्रश्न बरोबर आहे. पण 1986 घ्या. 1 जूनला आपण हिंडलग्याच्या स्मारकावर जातो ते कशासाठी? कन्नडसक्तीविरुद्ध गेलेल्या माणसांसाठी. आणि सक्ती कुठं होती? शाळेत. शाळेत कन्नड पहिली भाषा करा म्हणणारा गोकाक अहवाल, त्यातनं आलेलं पहिल्या भाषेचं भांडण, सगळं वर्गातनंच सुरू झालं. माणसं गोळीला सामोरी गेली ती पोरांच्या पाटी-पुस्तकासाठी. आज पुस्तक आहे, पोरगं नाही.

---

चौथीच्या_बाई

मी 31 वर्षं सरकारी मराठी शाळेत होते, खानापूर तालुक्यात जास्त, शेवटची काही वर्षं बेळगाव ग्रामीणमध्ये. आता निवृत्त. म्हणून थोडं लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

पट एका वर्षात कमी होत नाही. आधी एक शिक्षक निवृत्त होतो. जागा भरत नाहीत, अतिथी शिक्षक येतो. अतिथी शिक्षक म्हणजे मानधनावरचा, शाळा सुरू झाल्यावर कधीतरी नेमणूक, मार्चमध्ये संपली. पोरगा चांगला शिकवणारा असतो हो, पण पुढच्या वर्षी तो असेलच असं नाही. मग दोन शिक्षकांवर सात इयत्ता. एक जण ट्रेनिंगला, जनगणनेला किंवा मतदार यादीला गेला की दुसरी बाई सातही वर्ग घेऊन बसते. मी बसलेय. पहिलीला बाराखडी लावायची, पाचवीला गणितं फळ्यावर लिहून द्यायची, सातवीतल्या मोठ्या मुलीला म्हणायचं, बाळ, तिसरीचं पाठांतर घे. मध्येच बिसियूटचं, म्हणजे दुपारच्या जेवणाचं, तांदूळ-डाळीचं रजिस्टर, दुधाची पावडर, अंडी-केळ्याचा हिशोब.

पालक हे बघतो. तो बावळट नसतो. त्याला दिसतं की आपल्या पोराला दिवसातनं तासभर बाई मिळते. मग गल्लीत पिवळी व्हॅन येते, तिच्यावर इंग्लिश अक्षरं. पहिल्यांदा सरपंचाचा नातू जातो, मग सोसायटीच्या सेक्रेटरीचा, मग गवंड्याचा. तीन वर्षांत पहिलीचा वर्ग रिकामा. मग वरनं कागद येतो की पट कमी आहे, शिक्षक जास्त आहे, बदली. सांगा, आधी काय झालं? पट कमी झाला की शिक्षक?

कागद कन्नडमध्ये येतात ही आणखी एक गंमत. मी कन्नड शिकले, उत्तम वाचते, त्यात मला काही कमीपणा नाही. पण एसडीएमसीतल्या बायकांना अंगठ्याच्या जागी सही करायला आम्ही शिकवलं आणि कागद मात्र त्यांना वाचता येईना.

एन. डी. सरांना मी एकदाच जवळनं पाहिलं, आवाज आठवतो. खड्या आवाजात, घाई नाही. बाकीचं तुम्ही लिहिलंच आहे.

---

कुंदा_अर्धा_किलो

बाई, लांबलचक कसलं. अजून लिहा.

---

गडहिंग्लज_नाका

सीमेच्या अलीकडून लिहितोय. तुम्हाला वाटत असेल महाराष्ट्रात असतो तर शाळा वाचली असती, म्हणून सांगतो. डिसेंबर 2017 मध्ये आमच्या सरकारनं दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुलं दुसरीकडं हलवायचा निर्णय घेतला. त्याच सुमारास कंपन्यांना शाळा काढायची मुभा देणारी दुरुस्ती आली. कोल्हापुरात लोक रस्त्यावर आले, त्यात अग्रभागी सर. वय तेव्हा 88. टोलच्या आंदोलनात जसे होते तसेच. पुढं 2023 ला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करायची टूम निघाली. नाव बदललं, औषध तेच.

आजरा-चंदगडच्या वाड्यांवर दहा पोरांची शाळा असते कारण वाडीच तीस घरांची असते. ती शाळा बंद केली तर सात वर्षांचं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणार का? पोरगा जाईलही, पोरीला घरी बसवतील. सरांचं सगळं भांडण ह्या एका मुद्द्यावर होतं असं मला वाटतं: शाळेनं पोराकडं जायचं की पोरानं शाळेकडं. शाहू महाराजांनी 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, पोर न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तो रुपया बापाला होता. आता दंड पोराला.

आणि जाता जाता, चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, तुमचं रायबाग त्याआधी आमच्या कोल्हापूर संस्थानात होतं. त्यामुळं 'आमचं-तुमचं' जरा जपून.

---

अरगन_तलाव

रायबागचं माहीत नव्हतं. मान्य.

पण एक शंका. रयत शिक्षण संस्था ही खासगीच ना? सरकारी शिक्षणाचा पुरस्कर्ता खासगी संस्थेचा 18 वर्षं चेअरमन, हे कसं काय?

---

तंबाखूची_वखार

निपाणीकर हजर. अरगन, ह्यावर आमच्या घरात जेवताना ताटं वाजेपर्यंत भांडणं झालेली आहेत.

रयत कर्मवीर भाऊरावांनी 4 ऑक्टोबर 1919 ला काल्याला सुरू केली. बोर्डिंगातल्या पोरांना धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आमच्याकडं शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत होती. आता ह्याला खासगी म्हणायचं? मालक कुणीच नाही, नफा नाही, पगार सरकारी अनुदानातनं, पोरं शेतकऱ्याची, मजुराची. कायद्यात संस्था खासगी, पण चालते सार्वजनिक पैशावर आणि सार्वजनिक कामासाठी. उलट आता सरकारी शाळेच्या शंभर पावलांवर जी फी घेणारी शाळा निघते, तिचा मालक असतो, तिच्या बसचा मालक असतो आणि युनिफॉर्मच्या दुकानाचाही तोच असतो. सरांचा विरोध ह्या दुसऱ्या प्रकाराला. आणि अनुदान काढून घेऊन पहिल्या प्रकाराला दुसऱ्यात ढकलण्याला.

माझी आई वखारीत तंबाखू निवडायची. तिच्या बोटांना शेवटपर्यंत वास होता. आम्ही तिघं भावंडं शिकलो, फी भरल्याची एकही पावती घरात नाही.

---

कित्तूर_रोड

मराठी माझी आईची भाषा, कन्नड बापाची, त्यामुळं दोन्हीकडच्या शिव्या मला कळतात. एक सांगू? ही गोष्ट मराठीची नाहीच. बैलहोंगलकडं या, कन्नड सरकारी शाळा बघा. तीच पिवळी व्हॅन, तेच दोन शिक्षक. आमच्या गावात राज्योत्सवाला लाल-पिवळा झेंडा घेऊन नाचणाऱ्या काकांची नातवंडं इंग्लिश मीडियमला आहेत. 1 नोव्हेंबरला काळी फीत लावणाऱ्या काकांचीही तिथंच आहेत. एकाच बसनं जातात, बहुतेक एकाच बाकावर बसतात.

---

कुंदा_अर्धा_किलो

एकाच बाकावर! ह्याला म्हणतात सीमाप्रश्नाचा तोडगा.

---

वकील_शहापूर

कायद्याचं थोडं, कारण धाग्यात दोन-तीन गोष्टी मोघम आल्यात.

राज्यघटनेचं कलम 350 अ. 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं, म्हणजे राज्यपुनर्रचनेबरोबरच आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्यानं पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. 350 ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. त्याचं एक विभागीय कार्यालय आपल्या बेळगावात होतं, आमच्या वडिलांनी तिथं निवेदनं देऊन देऊन चपला झिजवल्या.

त्याही आधीची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ऑगस्ट 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं होतं की अख्ख्या शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुलं त्या भाषेची असली तरी त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा. हे 40 आणि 10 पुढं भाषिक अल्पसंख्याकांच्या सगळ्या चर्चेत येत राहिले.

आता 6 मे 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. कर्नाटक सरकारनं खासगी शाळांवर पहिली ते चौथी मातृभाषा किंवा कन्नडची सक्ती केली होती, ती कोर्टानं रद्द केली. माध्यम निवडायचा हक्क पालकाचा. आपण खूश झालो, कारण सक्ती गेली. पण त्याच निकालानं पिवळ्या व्हॅनला हिरवा सिग्नल मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली आपल्याला सोयीची तेवढीच आपण सांगतो.

पुढची आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची. खासगी शाळेतल्या 25 टक्के जागा गरीब मुलांना, हे सगळ्यांना माहीत. कर्नाटकानं 2019 ला नियम बदलला: जवळ, म्हणजे एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीतली ती जागा मिळणार नाही. महाराष्ट्रानं फेब्रुवारी 2024 ला तेच केलं, पण मुंबई हायकोर्टानं जुलैत ते रद्द केलं.

---

अरगन_तलाव

वकीलसाहेब, पण कर्नाटकाच्या नियमामुळं तरी सरकारी शाळेत पोरं परत यायला पाहिजे होती ना? आमच्या भागात तर नाही आली. फुकटची जागा गेली तर लोकांनी भिशी उचलून फी भरली.

---

चौथीच्या_बाई

अरगन, कशी येतील? दार बंद केलं, पण घरात दिवा नाही लावला. दोन शिक्षक तसेच दोन.

---

रताळेवाला

वकीलसाहेब, ते 40 वाचून अंगावर काटा आला. आमचा पट 38.

---

वकील_शहापूर

घाबरू नका. ते निकष शिक्षक द्यायला होते, शाळा उठवायला नव्हते. आणि आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हे किमान आहे, सहावी-सातवीला प्रत्येक वर्गाला किमान एक. तुमच्याकडं कायम शिक्षक किती?

---

रताळेवाला

दोन. आणि एक अतिथी.

---

वकील_शहापूर

मग मागायला जागा आहे.

---

जय_सीमाभाग_865

हे सगळं चाललंय ते ठीक, पण मूळ दुखणं लपवताय. महाराष्ट्रानं मागितलेली सीमाभागातली 865 गावं तिकडं गेली असती तर हा धागाच निघाला नसता. केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालानं निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यायचं म्हटलं, बेळगाव नाही म्हटलं, आपण नाकारलं, मग 2004 पासून दावा कोर्टात पडून. एन. डी. सर ह्यासाठीच लढले. त्यांना 'शिक्षणतज्ज्ञ' करून सीमाप्रश्न पातळ करायचा डाव दिसतोय.

---

कित्तूर_रोड

आले.

---

गडहिंग्लज_नाका

865 साहेब, मी वर काय लिहिलं ते वाचलं नाही वाटतं. महाराष्ट्रात गेलेल्या चंदगडच्या शाळांचंही तेच चाललंय.

---

जय_सीमाभाग_865

तुम्हाला तिकडं बसून बोलायला काय जातं? इथं बसच्या पाटीवर मराठी नाही, उताऱ्यावर मराठी नाही. 2014 ला येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेली पाटी उखडली तेव्हा काठ्या कुणी खाल्ल्या?

---

चावडी (संपादक)

सगळ्यांना विनंती. सीमाप्रश्न हवा की नको ह्यावर इथं आधीचे पुष्कळ धागे आहेत, तिथं जा. ह्या धाग्यावर एन. डी. पाटील, शाळा आणि सीमाभागातलं शिक्षण एवढंच. दोन प्रतिसाद उडवलेत. कुणाचे ते त्यांना माहीत आहे.

---

तंबाखूची_वखार

865 ना एका बाबतीत मी मानतो. काठ्या खाल्लेल्या माणसाला 'आता शाळेचं बघा' म्हणणं सोपं नसतं. पण दादा, सर जर आज असते तर त्यांनी तुम्हाला आधी काय विचारलं असतं, ह्याचा मला अंदाज आहे. तो प्रश्न मी धागाकर्त्यालाच विचारतो. रताळेवाले, तुमची पोरं कुठं शिकतात?

---

कुंदा_अर्धा_किलो

ओहो.

---

रताळेवाला

वाट बघत होतो कोण विचारतंय.

थोरली गावच्या शाळेत, सहावीत. म्हणून तर एसडीएमसीत आहे. धाकटा इंग्लिश मीडियमला, यूकेजीत. गेल्या वर्षी घातला. बायको म्हणाली, ताईच्या वर्गात सहा पोरं आहेत, ह्याच्या वर्गात तीन असतील, खेळणार कुणाशी? मी उद्यमबागला फाऊंड्रीत शिफ्टला असतो. सकाळी सहाला जातो, घरात वाद घालायला वेळ नव्हता असं म्हणालो तर खोटं होईल. मलाही वाटलंच, की जाऊ दे.

पोराची व्हॅन सकाळी शाळेसमोरनं जाते. हेडमास्तर गेटवर उभे असतात, हात करतात त्याला. पोरगंही हात करतं. त्यांनी मला आजपर्यंत एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

---

चौथीच्या_बाई

बाळ, मी काही बोलणार नाही, कारण माझा मुलगाही पाचवीपासून शहरात होता. मी सरकारी शाळेत बाई, मुलगा दुसरीकडं. स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांचं तसंच होतं आणि त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. चहा पिताना बदल्यांवर बोलायचो.

---

जय_सीमाभाग_865

माझी दोन्ही मराठी शाळेत आहेत. अनुदानित, शहरातली. नोंद असावी.

---

तंबाखूची_वखार

नोंद घेतली. सलाम.

---

अरगन_तलाव

बरं, आता मुद्द्याचं. आमदार नाही म्हणून रडण्यापेक्षा आमदार कोण आहे ते बघा ना. मतदारसंघाला आमदार असतोच, आपल्या पक्षाचा नसेल. शिवाय वायव्य शिक्षक मतदारसंघाचा विधान परिषदेचा आमदार आहे, बेळगाव, विजापूर, बागलकोट मिळून. 2022 ला प्रकाश हुक्केरी निवडून आले, चिकोडीकडचे. शिक्षकांच्या मतावर निवडून येतात तर शाळेचा प्रश्न त्यांनी विचारायला नको?

---

चौथीच्या_बाई

त्यात मेख आहे. शिक्षक मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्याच्या वरच्या शिक्षकांना असतं. प्राथमिकच्या बाईला मतच नाही. मी 31 वर्षं शिक्षक होते, एकदाही त्या निवडणुकीत बोटाला शाई लागली नाही. उमेदवार हायस्कुलात यायचे, आमच्या शाळेपुढनं गाडी जायची.

---

वकील_शहापूर

बाई म्हणतात ते बरोबर, कलम 171 मध्येच तसं आहे, माध्यमिकपेक्षा खालच्या दर्जाची शाळा चालत नाही. म्हणजे जिथं पट सगळ्यात आधी आटतो त्या शाळांना वरच्या सभागृहात आवाजच नाही. सर 18 वर्षं वरच्या सभागृहात होते आणि बोलत होते ते खालच्या शाळेबद्दल, हे त्यामुळं मला जास्त मोठं वाटतं.

---

गडहिंग्लज_नाका

वकीलसाहेब, हे वाक्य मी ढापणार आहे.

---

रताळेवाला

काल परत मीटिंग घेतली. ठरलं असं. अधिवेशनाच्या आधी आमदारांना अर्ज द्यायचा. पक्ष कुठला का असेना. मागण्या फक्त तीन: एक कायम मराठी शिक्षक, एसडीएमसीला येणाऱ्या कागदाची मराठी प्रत, आणि पट 40 च्या खाली गेला म्हणून विलीनीकरणाचा प्रस्ताव पाठवायचा नाही. तारांकित प्रश्न विचारा म्हणून विनंती. अर्ज कन्नडमध्ये द्यायचाय, नाहीतर तिथंच कोपऱ्यात पडेल. कुणी लिहून देईल का? मला बोलता येतं, लिहायला गेलो की ऱ्हस्व-दीर्घात मरतो.

---

कित्तूर_रोड

मी देतो. मराठी मसुदा पाठवा, रात्री करून टाकतो.

---

जय_सीमाभाग_865

कन्नडमध्येच का? अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत अर्ज करायचा हक्क आहे. कलम 350.

---

वकील_शहापूर

हक्क आहे. दोन्ही प्रती जोडा. वर मराठी, खाली कन्नड. 865, तुम्ही मराठी प्रत तपासा, तुमचं शुद्धलेखन चांगलं दिसतंय.

---

जय_सीमाभाग_865

पाठवा.

---

रताळेवाला

मसुदा टाकलाय निरोपात दोघांना. पहिली ओळ अशी आहे: 'आमच्या गावातील मराठी शाळा वाचवण्याबाबत.'

---

चौथीच्या_बाई

'मराठी शाळा' नका लिहू. 'सरकारी उच्च प्राथमिक शाळा, मराठी माध्यम' असं लिहा. सरकारी आधी. त्यांचीच शाळा आहे ती, त्यांना आठवू दे.

---

जय_सीमाभाग_865

मराठी शब्द शेवटी?

---

चौथीच्या_बाई

शेवटी नाही रे, स्वल्पविरामानंतर. आणि पट लिहिताना 38 लिहू नका, मुलींचा आकडा वेगळा द्या. किती आहेत मुली?

---

रताळेवाला

24.

---

कित्तूर_रोड

24 पहिल्या परिच्छेदात घेतो. बाई, 'विलीनीकरण'ला त्यांच्या सर्क्युलरमध्ये कुठला शब्द असतो, तो सांगा, तोच वापरू.

---

चौथीच्या_बाई

जुनी फाईल माळ्यावर आहे. उद्या सकाळी काढते.